झाकली मूठ कोणाच्या लाभाची?

मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यांना ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचे दाखले द्यावेसे वाटतात, तेव्हा इंटरनेटवरून मिळणाऱ्या स्वस्त हॉटेलखोलीचे उदाहरण त्यांना हमखास आठवते. समजा, दोनशे डॉलरची खोली एखाद्याला एकशे वीस डॉलरला मिळाली, तर यात लुटले गेले कोण, असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. खोली एरवी रिकामीच राहिली असती. हॉटेलमालकाला काहीतरी मिळाले, प्रवाशाचे पैसे वाचले, मध्यस्थाला त्याचा मेहनताना मिळाला. म्हणजे सर्वांचेच भले झाले! परंतु या सौद्याला एक अट असते आणि तिच्याविषयी ही मंडळी फारसे बोलत नाहीत. ज्या हॉटेलातील खोली विकत घेतली त्याचे नाव गिऱ्हाइकाला पैसे भरल्यानंतरच कळते. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मराठीत म्हण आहे. ही मूठ झाकली कोणी आणि तिचे सव्वा लाख पडतात कोणाच्या पदरात, हा खरा प्रश्न आहे.

या व्यापाराचा जन्म अमेरिकेत झाला. १९९८ साली ‘प्राइसलाइन’ या कंपनीने ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ अशी आरोळी ठोकून प्रथम विमानाची तिकिटे आणि मग हॉटेलच्या खोल्या विकावयास आरंभ केला. प्रवाशाने शहराचा भाग, हॉटेलचा तारांकित दर्जा आणि मुक्कामाची तारीख सांगावयाची, क्रेडिट कार्डाचा क्रमांक आगाऊ द्यावयाचा आणि बोली लावावयाची. बोली स्वीकारली गेली की पैसे तत्काळ वळते होत. हॉटेलचे नाव त्यानंतर कळे. आरक्षण रद्द करण्याची वा पैसे परत मिळण्याची सोय नसे. २००० साली काही विमान कंपन्यांच्या पुढाकाराने ‘हॉटवायर’ निघाली. तिने किंमत दाखवली, नाव मात्र झाकून ठेवले. प्राइसलाइनने बोलीची पद्धत पुढे टप्प्याटप्प्याने गुंडाळली. परंतु नाव झाकून खोली विकण्याचा प्रकार नवनव्या आकर्षक नावांनी आजही चालू आहे.

‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ ही घोषणा ऐकताना कोणालाही वाटावे की, राजदंड ग्राहकाच्या हाती आला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो, हे विकत घेणाऱ्याने प्रथम उघड करावयाचे. कमीत कमी कितीला विकावयास तयार आहोत, हे विकणाऱ्याने अखेरपर्यंत सांगावयाचे नाही. बोली नाकारली गेली तर तीच मागणी लगेच थोडी वाढवून पाहण्यासही मज्जाव. भाग बदला, दर्जा बदला, नाहीतर थांबा. घासाघीस तर मंडईतील प्रत्येक गृहिणी करते; पण तिच्या डोळ्यांपुढे माल असतो आणि शेजारच्या गाळ्यावरचा भाव तिच्या कानावर पडत असतो. अमेरिकेत या एकतर्फी घासाघिशीला ऑगस्ट १९९८ मध्ये चक्क पेटंट मिळाले! मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्पीडिया’ने तसाच उद्योग आरंभिला, तेव्हा प्राइसलाइनने १९९९ साली त्या दोघांना न्यायालयात खेचले, २००१ साली एक्स्पीडियाने स्वामित्वशुल्क देण्याचे कबूल करून तडजोड केली. गिऱ्हाइकाने किंमत सांगण्याची रीतही कोणाची तरी खासगी मालमत्ता ठरू शकते, हा भांडवलशाहीचा एक नवा धडाच म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मात्र हा धडा नवा नाही. दलालांनी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून शेतमालाचा भाव ठरवावयाचा आणि मालाच्या धन्याने नुसते रुमालाकडे पाहत उभे राहावयाचे, ही रीत या भूमीत पिढ्यान् पिढ्या चालली. ती मोडण्यासाठीच शेतकी आयोगाने १९२८ साली नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली त्यासाठी कायदे झाले. बाजार समित्यांचा पुढे काय खेळखंडोबा झाला ही गोष्ट निराळी. पण भाव उघड्यावर ठरला पाहिजे, हे तत्त्व त्या कायद्यांच्या मुळाशी होते. रुमालाखालचा सौदा शेतकऱ्याच्या बाबतीत अन्याय ठरतो, तर तोच सौदा संगणकाच्या पडद्याआड झाला म्हणजे त्याला प्रगती का म्हणावे?

यावर अर्थशास्त्राचे उत्तर तयार असते. हॉटेलची खोली ही नाशवंत वस्तू आहे. आजची न विकलेली रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून रिकामी खोली पडेल त्या किमतीस विकणे शहाणपणाचे. हे शंभर टक्के खरे आहे. पण यातून सिद्ध होते ते एवढेच की, खोली स्वस्त करावी. तिचे नाव झाकावे, हे यातून कोठेच सिद्ध होत नाही. शिळी होऊ घातलेली भाजी सायंकाळी स्वस्त विकणारा माळी टोपलीवर फडके टाकून बसत नाही.

नाव झाकण्याचे कारण निराळे आहे, आणि ते झ्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच उलगडून दाखविले होते. रेल्वेचे तिसऱ्या वर्गाचे डबे त्या काळी बिनछपराचे असत. छपराला फार खर्च येतो म्हणून कंपन्या ते घालत नव्हत्या, असे नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून गरिबाला ऊनपावसात बसविले जात होते. गरिबाचा छळ हे साधन होते. श्रीमंताच्या खिशातून पुरेपूर पैसे काढणे हे साध्य होते. नाव झाकलेली खोली हा त्या बिनछपराच्या डब्याचाच आधुनिक अवतार आहे. हॉटेलने जाहीर केलेला वरचा दर मोडू नये आणि तो देणारा गिऱ्हाईक सुटू नये, म्हणून कमी पैसेवाल्याला अंधारात खोली विकावयाची. वृद्ध आईला जिना चढवणार नाही, हॉटेल इस्पितळाच्या जवळ हवे, आजारपणामुळे बेत फिरू शकतो, अशा ज्यांच्या साध्या अडचणी आहेत, त्यांनी हा जुगार खेळावयाचा कसा? ज्याच्याजवळ पैसा आहे तो निवड विकत घेतो. ज्याच्याजवळ तो नाही त्याला निवड गहाण टाकून सूट मिळवावी लागते.

तरीही प्रवाशाचे पैसे वाचतात ना, असे कोणी म्हणेल. वाचतात, आणि त्यासाठी त्या प्रवाशाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ती बचत कोठून येते हे पाहिले पाहिजे. अशा विक्रीत मध्यस्थ हॉटेलकडून ठोक दराने खोली घेतो आणि त्यावर आपला नफा चढवून विकतो. हा नफा किती, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ‘कर व शुल्क’ या एका ओळीत सारे गुंडाळलेले असते. इतकेच नव्हे, तर अनेक ठिकाणी मुक्कामाचा कर या कंपन्यांनी गिऱ्हाइकाने दिलेल्या किमतीवर न भरता ठोक दरावरच भरला. त्याविरुद्ध लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सॅन अँटोनियो यांसारखी शहरे न्यायालयात गेली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. रस्ते, पाणी, पोलीस, सफाई यांचा खर्च शहराने करावा आणि मधल्या नफ्यावरच्या करावर मात्र पाणी सोडावे, असा हा न्याय!

सर्वांत शेवटी बोजा जातो तो खोली झाडणाऱ्या बाईवर. खोली दोनशेला विकली काय आणि एकशे वीसला विकली काय, चादर तेवढीच बदलावी लागते, न्हाणीघर तेवढेच घासावे लागते. मध्यस्थाचा वाटा ठरलेला, कर्जाचे व्याज ठरलेले, भागधारकाला लाभांश हवाच. मग आटवता येते ती मजुरीच. कामगार कमी करावयाचे आणि उरलेल्यांच्या वाट्याला खोल्या वाढवावयाच्या. २०१८ साली अमेरिकेतील आठ शहरांत मॅरियटच्या हॉटेलांतील सुमारे ७,७०० कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांचे म्हणणे एवढेच होते की, पोट भरावयास एक नोकरी पुरली पाहिजे. २०२४ च्या सप्टेंबरात सुमारे दहा हजार हॉटेल कामगार पुन्हा संपावर उतरले. कोविडचे निमित्त करून कमी केलेले मनुष्यबळ आणि रोजची सफाई पूर्ववत करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. हे सारे एकट्या संकेतस्थळांचे पाप आहे, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. मालकांचा लोभ त्यांच्या आधीचा आहे. परंतु स्वस्ताईचे श्रेय घेणाऱ्यांनी त्या स्वस्ताईचा हिशेबही पुरता मांडावा.

स्पर्धा या दुखण्याला औषध ठरेल, असे म्हणणाऱ्यांनी मालकीचा पट उलगडून पाहावा. प्राइसलाइनने २००५ साली ‘बुकिंग डॉट कॉम’ विकत घेतले आणि आता तो समूह ‘बुकिंग होल्डिंग्ज’ म्हणून ओळखला जातो. २०२४ साली त्याचा महसूल सुमारे २,३७० कोटी डॉलर होता. ‘अगोडा’ही त्याचीच. दुसरीकडे एक्स्पीडियाच्या छत्राखाली हॉटवायर आणि ‘हॉटेल्स डॉट कॉम’ होतेच. २०१५ साली ‘ट्रॅव्हलॉसिटी’ आणि ‘ऑर्बिट्झ’ त्यांना येऊन मिळाले. पाच दुकाने हिंडून भाव पाहिल्याचे समाधान गिऱ्हाईक मानतो. गल्ले मात्र दोनच. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१९ साली अशा सहा संकेतस्थळांना वर्तन सुधारण्यास भाग पाडले. ‘इतके लोक आत्ता हीच खोली पाहत आहेत’ अशी घाई लावणे, फसव्या सवलती दाखविणे आणि दलालीचा यादीतील क्रमावर होणारा परिणाम लपविणे, असे आक्षेप होते. ऑस्ट्रेलियात ‘ट्रिव्हागो’ला २०२२ साली ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, सर्वांत स्वस्त म्हणून जी खोली पुढे केली जाई ती बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त नसे. स्पेनने २०२४ साली बुकिंगला ४१ कोटी युरोंहून अधिक दंड केला.

भारतही यापासून दूर नाही. हॉटेलचालकांच्या महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मेकमायट्रिप–गोआयबीबो’ला २२३ कोटी ४८ लाख आणि ‘ओयो’ला १६८ कोटी ८८ लाख रुपये दंड ठोठावला. आमच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या दरापेक्षा कमी दर अन्यत्र द्यावयाचा नाही, असे बंधन हॉटेलांवर लादणे आणि ओयोशी संधान बांधून तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांना यादीतून वगळणे, हे त्यातील मुख्य दोष. याचा अर्थ महाबळेश्वरच्या एखाद्या लहान लॉजमालकाने अशा कराराखाली सही केली, तर दुसऱ्या संकेतस्थळावरून येणाऱ्या पाहुण्याला चार पैसे कमी करण्याचेही स्वातंत्र्य त्याने गमावले. मुक्त बाजारपेठ म्हणतात ती हीच काय?

समाजवादी विचाराचा या ठिकाणी एक मूलभूत भेद आहे. सूट आणि सवलत या दोन गोष्टी एक नव्हेत. सूट ही विकणाऱ्याची मर्जी. ती गुपचूप, माणूस पाहून, आज आहे तर उद्या नाही. सवलत हा समाजाने मान्य केलेला हक्क. तो जाहीर असतो आणि सर्वांना सारखा असतो. फ्रान्समध्ये १९३६ साली पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि त्याच उन्हाळ्यात लेओ लाग्रांज यांच्या प्रयत्नाने त्यांना रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळाली. लक्षावधी कामगारांच्या आवाक्यात समुद्रकिनारा आला, आणि त्यासाठी कोणाला बोली लावावी लागली नाही. महाराष्ट्रात एस.टी.ने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे दिले. गाडी कोठे जाणार हे मात्र कोणापासून झाकून ठेवलेले नाही! उलट अमेरिकेत पगारी रजेचा हक्क देणारा राष्ट्रीय कायदा आजही नाही. विश्रांतीचा हक्क जेथे नाकारला जातो, तेथे विश्रांतीची सोडत निघावी, यात नवल नाही.

करावयाचे काय, हे यातूनच स्पष्ट होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा मे २०२५ मध्ये अमलात आलेला नियम सांगतो की, खोलीची किंमत सर्व सक्तीच्या शुल्कांसह प्रथमच दाखविली पाहिजे. पाऊल योग्य आहे, पण अपुरे आहे. पैसे घेण्यापूर्वी हॉटेलचे नाव सांगणे बंधनकारक झाले पाहिजे. मध्यस्थाचा वाटा पावतीवर छापला गेला पाहिजे. दलालीला कमाल मर्यादा हवी. दरबंदीचे करार बेकायदा ठरले पाहिजेत. आणि हॉटेल कामगारांच्या संघटनेला मनुष्यबळाविषयी वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला पाहिजे. त्याबरोबरच राज्य पर्यटन महामंडळाची निवासस्थाने खासगीकरणाच्या घशात न घालता उघड आणि माफक दराने चालविली पाहिजेत.

एक गोष्ट आशा वाढविणारी आहे. बोलीच्या त्या काळात अमेरिकेतील सामान्य प्रवाशांनी आपली कोणती बोली कोठे स्वीकारली गेली, हे एकमेकांना सांगावयास सुरुवात केली, आणि झाकलेली नावे भराभर ओळखता येऊ लागली. एकेकटा गिऱ्हाईक ज्या रुमालापुढे हतबल होता, तो रुमाल चार लोकांनी माहिती वाटून घेताच फाटला. प्रवाशांना जे सुचले ते कामगारांनी, लहान हॉटेलचालकांनी आणि ग्राहक संघटनांनी एकत्र येऊन केले, तर ही झाकली मूठ उघडावयास फार काळ लागणार नाही.