तारेचा पत्ता गेला, युक्ती राहिली

जुन्या पेढ्यांच्या पावतीवर दुकानाच्या नावाखाली ‘तार’ असे छापून पुढे एकच शब्द असे. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पुऱ्या पत्त्याऐवजी तो एक शब्द तारखात्यात नोंदवून ठेवायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. त्या शब्दाचे काम आज संगणकातला ब्राउझर फुकट करतो, पण कर्जत-खालापूरकडे ते करून घेणारे दुकानदार क्वचितच दिसतात.

खोपोलीच्या गॅरेजवाल्याला ६२०४ नंबरच्या बेअरिंगचा भाव पाहायचा आहे. तो गूगलवर शब्द टाकतो आणि सर्वांत वर येईल ते उघडतो. वर पुष्कळदा पैसे भरलेली जाहिरात असते. शेजारी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेले असते खरे, पण गिऱ्हाईक समोर उभे असताना ते वाचतो कोण? कंपन्यांच्या ग्राहकसेवेचे खोटे नंबर याच वाटेने लोकांच्या गळी उतरतात. (पैसे गेलेच, तर लाजत बसू नये, १९३० वर ताबडतोब फोन करावा.) वेळ वाचतो ही दुय्यम गोष्ट. कोणत्या दारात जायचे ते आपण ठरवावे, हा माझा मुद्दा आहे.

रीत अशी. इंडियामार्टवर बेअरिंग शोधा. निकाल आल्यावर वरच्या पट्टीतल्या लांबलचक पत्त्यात तुमचा शब्द दिसेल. तेवढा शब्द खोडून तिथे टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस लिहा. मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनच्या भागात ‘साइट सर्च’पुढे ‘अ‍ॅड’ दाबा. तीन रकाने येतील. नाव, आखूड खूण आणि तो बदललेला पत्ता तिथे भरा. खूण ‘आयएम’ ठेवली, तर पुढे पट्टीत तेवढी दोन इंग्रजी अक्षरे लिहून टॅब दाबायचा आणि मालाचे नाव टाकायचे. गूगल वाटेत येतच नाही. नकाशाची एक खूण करा, सुतार-वेल्डर असाल तर यूट्यूबचीही करा.

अर्थात तिथला भाव हा विकणाऱ्याने सांगितलेला भाव, घासाघीस उरतेच. पण नागदेवी स्ट्रीटला जाण्यासाठी पहाटेची कर्जत लोकल पकडण्याआधी अंदाज तरी हाती असतो.

जीएसटीच्या संकेतस्थळावर मात्र ही युक्ती अर्धीच चालते. घाऊक व्यापाऱ्याचा नंबर तपासताना तिथे चित्रातली अक्षरे हाताने भरावी लागतात, म्हणून खूण फक्त दारापर्यंत नेते. तरीही ती करावी. ज्याची नोंदणी रद्द झाली आहे, त्याच्या बिलावर भरलेल्या कराची वजावट अडकते, आणि ते कळते माल विकून झाल्यावर.

फोनवरच्या क्रोममध्ये अशी खूण स्वतः करता येत नाही. तेव्हा दुकानातला जुना संगणक भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका.