अंगाला बसलेलं चिलखत

फलंदाजी आटोपली की बेसबॉलपटू जॉन ओलेरूड हाताला मिट चढवून पहिल्या बेसवर उभा राहायचा. कॅचर सोडला तर बाकीच्यांच्या डोक्यावर टोप्या असायच्या, याच्या डोक्यावर हेल्मेट. १९८९ मध्ये, कॉलेजात असताना, त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालायचं, असं त्याने ठरवून टाकलं. त्याच डोक्याने पुढे १९९३ साली अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीची सर्वोच्च सरासरी गाठली.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यात १८.४४ मीटरचं अंतर असतं. दीडशे किलोमीटर वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि बॅट फिरवायची. अशा वेळी कपाळावर सरकणारं हेल्मेट किंवा कोपराला काचणारा पट्टा म्हणजे निव्वळ गैरसोय नसते, त्या अर्ध्या सेकंदातली ती चोरी असते. म्हणून खेळाडू आपल्या साहित्यात फेरफार करून घेतात, तेव्हा त्यांना नखरेल म्हणणं अन्यायाचं आहे.

शिकागो कब्ज संघाच्या रॉन सँटोचं उदाहरण घ्या. १९६६ च्या जूनमध्ये चेंडू लागून त्याच्या गालाचं हाड मोडलं. त्या वेळी सलग २६ सामन्यांत त्याचे हिट होते. काही दिवसांनी तो परतला तो गाल झाकणारा कानपट्टा हेल्मेटला जोडून घेऊनच, आणि ती मालिका त्याने २८ सामन्यांपर्यंत नेली. तेव्हा असा कानपट्टा नवलाईचा होता, आज कान झाकणारा पट्टा फलंदाजांच्या हेल्मेटला असतोच.

जिआनकार्लो स्टँटनचं तर तोंडच फुटलं. सप्टेंबर २०१४ मध्ये मिलवॉकीत चेंडू लागून त्याच्या चेहऱ्याची हाडं मोडली, दातांना इजा झाली. पुढच्या हंगामात त्याच्या हेल्मेटवर, गालासमोर, धातूच्या जाळीची खास चौकट दिसली. नजरेच्या आड काही येऊ नये आणि जबडाही झाकला जावा, अशी तिची रचना होती. पुढे त्याने जबड्यावरून वळणारा साधा सी-फ्लॅप स्वीकारला. २०१७ मध्ये त्याने ५९ होमरन मारले. श्रेय फ्लॅपला देता येणार नाही, पण चेहरा वाचवण्याची काळजी डोक्यातून गेली नसती, तर फलंदाजी करताना असा खेळ झाला असता का?

याची उलट बाजू ब्रँडन मॅकार्थीची. २०१२ मध्ये फटकावलेला चेंडू डोक्यावर बसून या पिचरची कवटी फुटली, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. पिचरांसाठी आत संरक्षक थर असलेली टोपी आली, तेव्हा त्यानेच ती नाकारली. फार मोठी आणि उकडणारी म्हणून. २०१४ मध्ये ती सामन्यात घालणाऱ्या अ‍ॅलेक्स टॉरेसची लोकांनी थट्टा केली. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस जी वस्तू घालत नाही, त्या वस्तूचंच काहीतरी चुकलेलं आहे.

थट्टा मात्र जुनीच. १९०७ मध्ये रॉजर ब्रेस्नाहन कॅचर म्हणून नडग्यांवर क्रिकेटच्या धर्तीचे पॅड बांधून उतरला, तेव्हा प्रेक्षक हसले होते. १९२० मध्ये रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला, तरी मेजर लीगने हेल्मेट सक्तीचं केलं ते १९७१ साली, तेही जुन्या खेळाडूंना सूट देऊन. आपल्याकडे सुनील गावसकरांनी हेल्मेट मानवेना म्हणून स्वतःसाठी स्कल कॅप करवून घेतली होती. त्यांनाही आधी सोय बघावी लागली, मगच संरक्षण मिळालं.

साहित्यातल्या अशा फेरफारांनाही मर्यादा हवीच. फलंदाज बॅरी बाँड्स कोपरावर भलंमोठं कवच चढवून होम प्लेटला अगदी खेटून उभा राहायचा. आतल्या बाजूने येणाऱ्या चेंडूचं भय उरलं नाही, की पिचरच्या हातातलं हत्यारच जातं. पॅडच्या आकारावर लीगने बंधन घातलं, ते योग्यच. आकार नियमाने ठरावा, पण माप आणि बसणं खेळाडूच्या अंगाने.

महाराष्ट्रात अनेक शाळांतून मुलं-मुली बेसबॉलचंच भावंड असलेला सॉफ्टबॉल खेळतात. एकाच पिशवीतली एकाच मापाची हेल्मेटं बारा वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या डोक्यांना पुरवू नयेत. खरेदी करतानाच निदान तीन मापं मागवावीत. आणि मैदानात पाठवण्याआधी शिक्षकांनी प्रत्येकाला एवढंच सांगावं: खाली वाक, मान जोरात हलव. हेल्मेट जागचं हललं, तर दुसरं घे.