टायर मोठे करा, पण मापात



उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरोघर खर्चाचे बेत सुरू होतात. पाइपलाइन, मुलीचे लग्न, सोसायटीची बाकी. अलीकडे या यादीत एका नव्या बाबीची भर पडली आहे, ती म्हणजे गाडीला मोठे टायर. गट कार्यालयासमोर किंवा वार्षिक सभेच्या मांडवाबाहेर लागलेल्या बोलेरो आणि थार पाहिल्या म्हणजे हे ध्यानी येते. मूळचे टायर काढून फुगीर, दातेरी टायर घातलेले. स्प्रिंगा मात्र कंपनीच्याच. पोरांना गाडी भारी वाटते. या हौसेला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. ज्याला पावसाळाभर वस्तीवरून डांबरीपर्यंत चिखल तुडवत यावे लागते, त्याची ही गरजही आहे. आमचे म्हणणे एवढेच की एक पायरी मोठा टायर स्प्रिंगा न उचलता बसतो आणि उपयोगी पडतो. त्याच्या पुढे गेलात की पैसे मोजून दुखणे विकत घेतलेत असे समजा.

मुळात गाडी चिखलात अडते कुठे? ट्रॉलीने पाडलेल्या चाकोरीत दोन्ही चाके उतरतात आणि मागच्या आसाचा, डिफरन्शियलचा, गोळा मधल्या वरंब्यावर टेकतो. बोलेरो काय, थार काय, मागचा आस अखंड असतो. स्प्रिंगेखाली गुटके घालून गाडी चार इंच उचलली तरी हा गोळा आहे तिथेच राहतो. वर जाते ती नुसती बॉडी. गोळा जमिनीपासून वर नेतो तो फक्त टायर. तेव्हा “आधी गाडी उचलून घ्या, मगच टायर घाला” असे सांगणारा दुकानदार गुटके विकतो आहे, हे ध्यानात ठेवा. इथवर पोरांचे बरोबर आहे.

आता माप पाहू. बोलेरोचा मूळ टायर २१५/७५ आर १५. त्याची उंची सुमारे ७०४ मि.मी. एक पायरी वर २३५/७५ आर १५ घेतला तर ती सुमारे ७३४ होते. फरक ३० मि.मी., पण गोळा वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे १५ मि.मी. अंगठ्याच्या नखाएवढा! पोरांना हवा असतो ३१ इंची, साडेदहा इंच रुंदीचा टायर, कारण थारला तो शोभतो. अरे पण थारच्या २५५/६५ आर १८ या मूळ टायरची उंचीच ७८९ मि.मी., म्हणजे ३१ इंच आहे. तिचे मडगार्ड, ब्रेक, गिअर सगळे त्या हिशेबाने केलेले. बोलेरोला तोच घातला की चाक एकदम १२ टक्क्यांनी वाढले. गोळा ४२ मि.मी. वर गेला हे खरे, पण इंजिनाची ओढ चाकापाशी दहा टक्क्यांहून अधिक घटली. ब्रेकचेही तेच. पायाचा जोर तेवढाच, आणि गाडी थांबायला तयार नाही. हंगामात रात्रीच्या वेळी पुढे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, तेव्हा हे दहा टक्के फार महाग पडतात.

मीटरही खोटे बोलू लागते. काटा ६० दाखवतो तेव्हा एक पायरीच्या टायरवर गाडी साडेबासष्टने पळत असते, ३१ इंचीवर ६७ ने. किलोमीटर मात्र कमी मोजले जातात. म्हणून “टायर घातल्यापासून गाडी डिझेल फार खाते” ही तक्रार निम्मी मीटरची असते; निम्मी खरी असते.

एक पायरीचा टायर घेतलात तरी तो घासत नाही ना, हे दुकानाच्या सपाट फरशीवर कळत नाही. पुढचे एक चाक हातभर उंच मातीच्या ढिगावर चढवा, गाडीत माणसे बसवा, स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवा आणि मग खाली वाकून बघा. मडगार्डच्या आतले प्लॅस्टिक, बंपरचे टोक, चासीची कड, आणि विशेष म्हणजे ब्रेकचा रबरी पाइप. नंतर दुसऱ्या बाजूला वळवून परत बघा. प्लॅस्टिक थोडे लागत असेल तर ते कापता येते. टायर चासीला लागत असेल तर बाहेर आलेल्या डिस्का घालून चाक बाहेर काढण्याचा सल्ला मिळेल. तो मानू नका. त्याने हबच्या बेअरिंगवर ताण येतो आणि चिखल थेट दारावर उडतो.

चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीचे पाचही टायर एका मापाचे हवेत. स्टेपनी जुनीच ठेवून, पंक्चर झाले म्हणून ती चढवली आणि फोर व्हील टाकले, तर गिअरबॉक्सवर काय गुदरते हे फोर व्हील ट्रॅक्टरवाल्या सभासदांस सांगणे न लगे. पुढच्या-मागच्या टायरचे गणित चुकलेला ट्रॅक्टर त्यांनी उघडून पाहिलेला असतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. अपघात झाल्यास विमा कंपनीला भांडायला जागा मिळते ती वेगळीच. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलला मान्य केलेले माप कोणते, हे पुस्तिकेत पाहून मगच दुकानात जावे.

आणि टायर बदलण्याआधी फुकटचा उपाय करून पाहा. चिखलात शिरताना हवा १८ ते २० पौंडांवर आणा. डांबरीवर येताच पुन्हा भरा. पंप गाडीत ठेवायचा आळस करू नका. काळ्या रानात रुंद टायरचे दाते दहा पावलांत मातीने लिंपून गुळगुळीत होतात. जुन्या महिंद्र जीपचे ६.००-१६ चे टायर जेमतेम सहा इंच रुंद असत. वरचा राडा कापून ते खालच्या घट्ट थराला जाऊन भिडत. म्हणजे उंची वाढवा, रुंदीचा सोस नको.

शेवटी चाकोरीची गोष्ट. ती वीतभर खोल असते आणि पाडतो आपणच, आपल्याच उसाच्या ट्रॉल्यांनी. १५ मि.मी.च्या टायरने ती भरून निघत नाही, मुरमाने निघते. शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना काढली, पण रस्ता मोकळा करायचा तर दोन्ही बाजूंच्या बांधकऱ्यांची तयारी लागते. पाच टायरांच्या पैशात मुरमाच्या किती खेपा पडतात, याचा हिशेब चार शेजाऱ्यांनी बसून एकदा करावा. वार्षिक सभेत पाणंदीचा विषय निघाला की बांध सरकवलेली मंडळी मागच्या रांगेत जाऊन बसतात, आणि त्यांच्याच गाड्यांना सगळ्यात मोठे टायर असतात, हे आम्ही बरीच वर्षे पाहत आहोत.