पाठ केलेलं रसग्रहण

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत भाषाभ्यासाला १६ गुण आहेत. कवितेच्या रसग्रहणाचे वेगळे. ते हमखास मिळावेत म्हणून जिंतूरपासून मुंबईपर्यंत एकच तोडगा चालतो: व्याख्या घोका, खुणेचा शब्द लक्षात ठेवा, रसग्रहणाचा साचा पाठ करा. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. साहित्याचं प्रेम बाजूला ठेवलं, तरी निव्वळ गुणांच्या हिशेबानंही ही पद्धत तोट्याची आहे, असं माझं म्हणणं आहे.

जिंतूर तालुक्यातल्या मुलाला वेचणीला आलेला कापूस दाखवावा लागत नाही. त्याचीच वाक्यं करून पाहू. 'कापूस चांदण्यासारखा फुटलाय' ही उपमा. 'जणू चांदणंच शेतात उतरलंय' ही उत्प्रेक्षा. 'हा कापूस म्हणजे चांदणंच' हे रूपक, तर 'हा कापूस नव्हेच, हे चांदणं' ही अपन्हुती. आता पाचवं वाक्य घ्या: 'या कापसासारखा हाच कापूस.' इथे 'सारखा' आहे, म्हणून खुणेवर भिस्त ठेवणारा मुलगा उपमा लिहून मोकळा होतो आणि गुण गमावतो. तुलनेला दुसरी वस्तूच उरलेली नाही, म्हणून हा अनन्वय. पाचही ठिकाणी विचारायचं एकच: ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय आणि ज्याच्याशी ते जोडलंय ते उपमान, यांचं नातं काय? हा प्रश्न समजला, की ऐन पेपरात व्याख्या विसरली तरी उत्तर अडत नाही. छंदांचंही तेच. संत जनाबाईंचं गंगाखेड जिंतूरच्याच परभणी जिल्ह्यातलं. अभंग इथल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून असतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. हे बोटांवर मोजलं की पक्कं होतं.

यावर शिक्षक म्हणतील, वर्ग मोठा, वेळ थोडा. काठावरच्या मुलाला साचाच तारतो. यात तथ्य आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हा आराखडा हवाच. पण आराखडा वेगळा, तयार वाक्यं वेगळी. 'यमकामुळे कवितेला सौंदर्य प्राप्त झाले आहे' हे वाक्य कुठल्याही यमकबद्ध कवितेखाली खपतं, म्हणून ते एकाही कवितेविषयी काही सांगत नाही. कोणत्या ओळीत कोणते शब्द जुळले आणि त्यानं काय ठसलं, एवढं लिहायला काठावरच्या मुलालाही दोन-तीन वाक्यं पुरतात. दुसरीकडे काही साहित्यप्रेमींना वाटतं, की या संज्ञांनी कविताच मरते. मला ते पटत नाही. संज्ञा हाताशी नसेल, तर कविता आवडलेला मुलगाही 'छान आहे' याच्या पुढे जात नाही. आवडलेलं नेमकं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला तिचाच उपयोग होतो.

सराव परीक्षेचे पेपर परत देताना म्हणूनच नुसता बरोबर पर्याय फळ्यावर लिहू नये. आपला अलंकार का चुकला, हे प्रत्येकाकडून एका वाक्यात लिहून घ्यावं आणि पुढच्या तासाला त्याच अलंकाराचं स्वतःचं वाक्य करायला सांगावं.