टीम लीडरचे मामा आणि आमची आठ हजारांची वर्गणी

जबलपूरच्या महाराजपुरात वाढलेल्या मुलाला गाडी कशी बनते याचं फारसं गूढ वाटत नाही. शहरात १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, १९६९ पासून व्हेइकल फॅक्टरी. लष्कराचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा इथूनच बाहेर पडले. माझे आजोबा भंडाऱ्याहून येऊन अशाच एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, वडील वेल्डर झाले. म्हणून इंजिनीअरिंगला गेल्यावर माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी बनवणाऱ्या टीमची नोटीस लागली, तेव्हा वाटलं, ही तर घरचीच विद्या.

ज्यांना या स्पर्धा ठाऊक नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एसएई इंडियाच्या एफीसायकलमध्ये दोन जणांनी चालवायची तीन चाकी गाडी असते, पेडल आणि छोटी मोटर मिळून. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनीअर्सची ह्यूमन पॉवर्ड व्हेइकल स्पर्धा त्याहून जुनी. ती भारतातही भरली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. गाडी ताशी २५ किलोमीटर वेगावरून ६ मीटरच्या आत थांबली पाहिजे. ८ मीटर त्रिज्येत वळली पाहिजे. उलटली तर स्वाराच्या डोक्यावरच्या चौकटीनं वरून २६७० न्यूटन, म्हणजे पावणेतीनशे किलोंच्या आसपास भार झेलला पाहिजे.

हे सगळं करायला पैसा लागतो. क्रोमोलीची नळी, डिस्क ब्रेक, बेअरिंग, नोंदणी फी, गाडी ट्रकमध्ये टाकून स्पर्धेच्या गावी नेण्याचं भाडं. टीम मग 'स्पॉन्सरशिप ब्रोशर' काढते. त्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे दर असतात आणि कुणाचा लोगो किती मोठा, गाडीच्या कुठल्या भागावर, हे ठरलेलं असतं. आमच्या टीमला पहिला प्रायोजक मिळाला तो लीडरच्या मामांच्या फर्मचा. दुसरा त्याच्या वडिलांच्या कॉलेजमित्राचा. मी आणि माझा एक मित्र ब्रोशर घेऊन औद्योगिक वसाहतीत तीन दिवस फिरलो. एका गेटवर वॉचमननं आम्हाला डिलिव्हरीवाले समजून मागच्या दाराला पाठवलं. ईमेल लिहायचं काम आमच्याकडे कधी आलंच नाही, कारण आमचं इंग्रजी 'प्रोफेशनल' नव्हतं.

जे पैसे कमी पडले ते प्रत्येकी आठ हजारांच्या वर्गणीनं भरायचे ठरले. माझ्या मित्राची शिष्यवृत्ती त्या वर्षी मार्चपर्यंत आली नव्हती. तो टीममधून गेला. भांडण नाही, वाद नाही. फक्त व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'लेफ्ट' असं दिसलं. मी राहिलो, कारण मला वेल्डिंग येत होतं आणि बाहेरून करून घ्यायला जास्त खर्च आला असता. परीक्षकांपुढचं प्रेझेंटेशन चौघांनी केलं. रिपोर्टमध्ये माझं नाव 'फॅब्रिकेशन सपोर्ट' या रकान्यात होतं. हातानं काम करणारा एकीकडे, त्या कामाबद्दल बोलणारा दुसरीकडे! ही विभागणी आमच्या टीमनं शोधून काढलेली नव्हती. पण ती मोडायला कॉलेजची वर्कशॉप ही चांगली जागा होती, एवढंच.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, प्रायोजक खासगी आहे, ज्याला द्यायचं त्याला देईल. खरं आहे. कायदाही तेच मानतो. सीएसआरच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. लोगोचा पैसा हा जाहिरातीचा पैसा. पण त्याच कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे, आणि सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणंही आहे. म्हणजे लोगोशिवायचा पैसा मागता येतो: संस्थेमार्फत, रीतसर नोंदणी करून, पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांची वर्गणी आणि प्रवासखर्च यांसाठी. हे पत्र लिहायला डीनची सही लागते. डीनला ते कोणी सांगत नाही, कारण ज्यांच्याकडे मामा आहेत त्यांना त्याची गरज नसते.

बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. त्यात उपकाराची भाषा नव्हती, करार होता: परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. तो करार बडोद्यातल्या जातीनं पुढे कसा निष्फळ केला हे आपल्याला पाठ आहे. मला त्यातली लेखी अट महत्त्वाची वाटते. कोणाचा पैसा, कोणासाठी, किती, हे कागदावर असलं की मामाचं वजन कमी होतं.

आणखी एक गोष्ट, जिचा राग मला उशिरा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही असंही बजावलं. माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी तीही होती. तिला ब्रेक किती मीटरमध्ये लागतो हे कुठल्या परीक्षकानं मोजलं? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारण्यावर काम केलं, ते आमच्या वर्गात एकदाही आलं नाही. आम्ही तीन महिने वाऱ्याचा विरोध कमी करणाऱ्या कवचावर घालवले. महाराजपुरात रोज सकाळी कचऱ्याची हातगाडी ओढणारी बाई आमच्या गेटवरून जायची. तिच्या गाडीचं एक चाक वाकडं होतं.

आपण नोकरीला लागलेले आता बरेच आहोत. जयंतीच्या डीजेला वर्गणी देतो, द्यावीच. पण आपापल्या जुन्या कॉलेजच्या टीमला एक पत्रही पाठवावं. मी गेल्या वर्षी पाच हजार पाठवले, दोन अटींसह: सदस्यांची वर्गणी बंद, आणि वेल्डिंग करणारा परीक्षकांपुढे बोलणार. पहिली त्यांनी मान्य केली. दुसरीवर अजून फोन चालू आहेत.