यादीत आपलं गाव आहे का?

आमच्या गटाच्या बैठकीला एक निवृत्त शिक्षिका नेहमी येतात. नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, पाच वर्षांपूर्वी यजमान वारले, आता अमरावतीत एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. मुलगा काळजीचा, त्यानं आईसाठी दहा लाखांची पॉलिसी घेतली, हप्ताही तोच भरतो. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री बाईंच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या मुलानं घरापासून दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवर कार्ड दाखवलं तर उत्तर मिळालं, ‘या कंपनीचं आमच्याकडे चालत नाही. आधी पैसे भरा, मग तुमचं तुम्ही कंपनीकडे मागा.’ पुण्याहून मुलानं फोनवर यादी शोधली. त्या कंपनीच्या यादीत शहरातली नावं होती, पण एक डोळ्यांचा दवाखाना, एक प्रसूतिगृह, आणि तिसरीकडे हृदयाचे डॉक्टर ठराविक वारीच नागपूरहून यायचे. बाई वाचल्या, ही चांगली गोष्ट. पण मुदत ठेव मोडली, दोन बांगड्या गहाण पडल्या, आणि कंपनीकडून पैसे आले ते काही महिन्यांनी, तेही कापून.

बैठकीत हे सांगताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘कार्ड त होतं व ताई. पण ते चालते कोठी, हे कोनं सांगतलं?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. उतारवयात विमा कोणता घ्यावा, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येतं. किती लाखांचा, हप्ता किती, कोणती कंपनी मोठी. तो सल्ला बहुतेक मुंबई-पुण्याच्या माणसानं मुंबई-पुण्याच्या माणसाला दिलेला असतो. तिथे एक दवाखाना यादीत नसला तर रिक्षानं दुसऱ्यात जाता येतं. आपल्याकडे दुसरा म्हणजे नागपूर. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. धारणीच्या बाईला तर अमरावतीच दीडशे किलोमीटर आहे. २०२२ साली लोणी ते मूर्तिजापूर हा पंच्याहत्तर किलोमीटरचा रस्ता १०५ तासांत बांधून विक्रम झाला, त्याचं कौतुक आपण सगळ्यांनीच केलं. पण रस्ता चांगला झाला म्हणून रात्री दोन वाजता एकट्या बाईला नागपूरला कोण नेणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की वऱ्हाडात राहणाऱ्या बाईनं पॉलिसी निवडताना पहिला प्रश्न हप्त्याचा विचारूच नये. कंपनीची रुग्णालयांची यादी मागावी आणि आपल्या घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असं काय त्यात आहे, ते पाहावं. नुसतं नाव पाहून भागत नाही. तिथे अतिदक्षता विभाग आहे का? हृदयाचे, मेंदूचे, हाडांचे डॉक्टर रोज असतात की ‘व्हिजिट’ला येतात? डायलिसिसचं यंत्र आहे का? डायलिसिसचं मुद्दाम लिहिते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या कितीतरी गावांत, मूत्रपिंडाच्या दुखण्याची माणसं घरोघर सापडतात. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा यंत्रावर झोपायचं आहे त्याच्यासाठी नागपूरचं नामवंत रुग्णालय यादीत असणं काय कामाचं? आणि यादी छापल्यानंतर कोण आत आलं, कोण बाहेर पडलं, हे कंपनी आपल्या घरी येऊन सांगत नाही. त्या दवाखान्याच्या काउंटरवर स्वतः जाऊन विचारावं लागतं, आणि दर वर्षी हप्ता भरण्याआधी पुन्हा विचारावं लागतं.

काही पॉलिसींत शहरांचे गट पाडलेले असतात. लहान शहरात राहणाऱ्याला हप्ता कमी. ऐकायला बरं वाटतं. पण कलमं वाचली की कळतं, मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठराविक हिस्सा आपण भरायचा. म्हणजे आपल्या गावात सोय नाही म्हणून आपण मोठ्या शहरात जायचं आणि तिथे गेलो म्हणून भुर्दंडही आपणच सोसायचा! तसंच खोलीभाड्याचं. विमा तीन लाखांचा आणि भाड्याची मर्यादा एक टक्का असली, तर दिवसाला तीन हजार. सहा हजारांची खोली घेतली की वरचे तीन हजार तर जातातच, पण डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया यांचा खर्चही बऱ्याच पॉलिसींत त्याच प्रमाणात कापतात. भरती करताना हे कोणी समजावून सांगत नाही. आमच्या शिक्षिकाबाईंचे पैसे कापले गेले ते असेच.

आता सरकारी योजनांकडे येऊ, कारण आपल्या गटांतल्या बहुतेक जणींना खाजगी हप्ता परवडणारच नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होतं. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी झाली आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. प्रत्यक्ष अंमल २०२४ च्या जुलैपासून. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना आली. सत्तर वर्षांवरच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंत. खाजगी विमा असला तरी चालतो. घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून, हे मात्र ध्यानात ठेवावं. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांना २०२४ च्या अर्थसंकल्पात आयुष्मानमध्ये घेण्याचं जाहीर झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करणाऱ्या बाईला स्वतःसाठी कार्ड मिळायला इतकी वर्षं लागली, असो.

पण इथेही तोच प्रश्न, कार्ड चालते कोठी? अंगीकृत रुग्णालयांतच. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला भेटायचं, आणि आपला आजार त्या रुग्णालयाच्या मान्य उपचारांत आहे का, हे भरती व्हायच्या आधी विचारायचं. एकच रुग्णालय एका आजारासाठी योजनेत असतं आणि दुसऱ्यासाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. चौकशीसाठी योजनेचा १५५३८८ हा क्रमांक आहे, तो वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या भिंतीवर असावा.

आणखी एक अडचण आहे, ती बाईचीच. वय वंदनाचं वय आधारवरून धरतात. आपल्या कितीतरी जणींच्या आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आहे, कारण कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं वर्ष टाकलं. बहात्तरची बाई कागदावर सहासष्टची असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, शिधापत्रिकेवर सासरचं, बँकेत तिसरंच. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं, म्हणून या भानगडी त्याला समजतही नाहीत. गटांनी दुखणं यायच्या आधीच ही दुरुस्ती हाती घ्यावी. ते काम कंटाळवाणं आहे, मोर्चासारखा उत्साह त्यात नाही, पण करायला हवं.

मध्यमवर्गीय घरांत वेगळा पेच असतो. पॉलिसी नवऱ्याच्या नावानं, बायको त्यात ‘अवलंबित’. दोघांत मिळून पाच लाख. आधी त्याचं बायपास होतं, रक्कम संपते. हिचे गुडघे, हिचा मोतीबिंदू, हिचं गर्भाशय पुढच्या वर्षावर जातं, तसं ते आयुष्यभर जातच आलेलं असतं. त्याच्या कंपनीची किंवा बँकेची गटपॉलिसी असेल तर तो गेल्यावर हिचं काय, हे तेराव्यानंतर कळतं. कागद कुठे ठेवलेत, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. म्हणून शक्य असेल तिथे बाईची पॉलिसी स्वतंत्र असावी, लहान का होईना, आणि ती तिनं स्वतः वाचून घेतलेली असावी. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीपुढे पॉलिसी देत नाही असं कंपन्यांना सरसकट म्हणता येत नाही. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदतही जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाला विचारल्याशिवाय वाढवता येत नाही, हा आदेश जानेवारी २०२५ चा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला. यादी पसंत नसेल तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करून कंपनी बदलता येते, जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षं वाया जात नाहीत. पण नवी कंपनी नकार देऊ शकते, म्हणून तिचा होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये.

जिनं कारखान्यात किंवा दुकानात काम केलं आणि निदान पाच वर्षं राज्य विम्याची वर्गणी भरली, तिला निवृत्तीनंतर वर्षाला फक्त एकशेवीस रुपयांत स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी ईएसआयची सेवा चालू ठेवता येते. इतकं स्वस्त दुसरं काही नाही. पण त्या योजनेचं विदर्भातलं जुनं मोठं रुग्णालय नागपूरला सोमवारी पेठेत आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तांच्या सीजीएचएसचंही जुनं केंद्र नागपूरच. सगळ्या वाटा तिकडेच जातात.

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणी मला विचारतात, स्त्री चळवळीनं विम्याच्या जाहिराती कधीपासून करायच्या? आपली मागणी तर इर्विन सुधारा, सर्वोपचारमध्ये डॉक्टर भरा, अशी होती ना? प्रश्न रास्त आहे. अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, ही नावं आपल्या आज्यांच्या तोंडी होती. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांनी बायकांना बायकांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला, त्याची ही आठवण. तिथे कार्ड विचारत नव्हते. विम्यानं आपल्या शरीराचा बाजारही केलेला आहे. २००८ मध्ये आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत तीस हजारांचं कार्ड मिळालं, आणि २०१२ च्या सुमाराला बिहार-छत्तीसगडमध्ये त्याच कार्डावर धडधाकट बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं बाहेर आली. कार्डावर पैसे आहेत म्हणून ऑपरेशन सुचवणारा डॉक्टर भेटला तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करायची नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

तरीही मला विमा हा शब्द टाकून द्यावासा वाटत नाही, आणि त्याचं कारण शेजारच्या वर्ध्यात आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या आसपास ज्वारीचा विमा सुरू केला. सुगीला प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, आणि आजारपणात त्या रुग्णालयात उपचार मिळायचे. त्या बायकांना यादी शोधावी लागत नव्हती, कारण रुग्णालय कोणतं ते आधी ठरलेलं होतं आणि विमा त्याच्याभोवती उभा राहिला होता. आज आपल्याला उलटं करायला सांगतात. आधी कार्ड घ्या, मग दार शोधा. माझी तक्रार विम्यापेक्षा या क्रमाबद्दल आहे. विमा कंपनीला आणि योजनेच्या अधिकाऱ्यांना आपण संघटितपणे विचारू शकतो, की धारणी, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांत तुमची कोणती रुग्णालयं आहेत आणि कोणत्या आजारांसाठी? उत्तर ‘नाही’ आलं तर तेच कागद घेऊन उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी भांडता येईल. या दोन लढाया मला वेगळ्या दिसत नाहीत.

आम्ही अमरावतीत एक साधं काम केलं. गटातल्या सात जणी जोडीजोडीनं, अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं आणि पायी, दवाखान्यांत गेल्या. कोणतं कार्ड चालतं, कोणत्या दुखण्याला चालतं, डॉक्टर रोज असतात का, आरोग्यमित्र जागेवर भेटला का, हे एका दोनशे पानी वहीत लिहून घेतलं. काही ठिकाणी हाकललं. जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे राज्यातल्या खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, ती लावलेली दिसते का, तेही नोंदवलं. एके ठिकाणी सनद होती, कॅलेंडरच्या मागे. वहीत खाडाखोड पुष्कळ आहे आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासावी लागणार. पण गेल्याच पंधरवड्यात बडनेऱ्याच्या एका बाईनं कंबरेच्या ऑपरेशनला जाण्याआधी ती मागून नेली, दोन पानं उतरवून घेतली आणि मुलाला फोन करून सांगितलं की दवाखाना मी ठरवलाय, तू फक्त ये.

अकोल्याच्या मैत्रिणी पुढच्या महिन्यात सर्वोपचारच्या परिसरापासून सुरुवात करणार आहेत. कोरी वही त्यांनी घेतली आहे, रकाने आमच्या वहीवरून आखून दिले आहेत.