पट्टा पोटाचा, लगाम आग्रहाचा

दिवाळीच्या फराळानंतर कमरेचा पट्टा सैल करणे आम्हां कळमेश्वरकरांना नवे नाही. पण पट्टा थेट जठरालाच बांधायचा, हे जरा नवलच! नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ती निराळ्या प्रकारची. पट्टा हा तिचा भाऊबंद.

१९९३ साली बेल्जियममध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने असा पट्टा प्रथम बसवला गेला. सिलिकॉनचे हे कडे जठराच्या वरच्या टोकाला आवळले, की वर चिमुकली थैली उरते. कातडीखालच्या डबीत सुईने मिठाचे पाणी भरले, की कडे घट्ट होते. काढले, की सैल. चार घासांत पोट भरते, वजन हळूहळू उतरते.

मात्र पट्टा घास अडवतो, घोट नव्हे. पोळी अडखळते, बासुंदी सुळकन निसटते! शिवाय तो कधी सरकतो, कधी रुततो. अनेकांचा काढावाही लागला. आज जठर कापून निमुळते करण्याकडेच डॉक्टरांचा कल अधिक.

तेव्हा वाचकहो, यंदा पाहुणा 'पुरे' म्हणाला, तर 'एकच, माझी शपथ!' म्हणू नका. पट्टा डॉक्टर आवळतील. आग्रह आपणच सैल करायचा.